सात नंबरचा ट्रॅक

मॅडम गेल्या त्या आठवड्यात माझा फोन जितका वाजला, तितका आधीच्या चार वर्षांत मिळून वाजला नसेल. सदतीस वर्षं त्यांची गाणी मी ध्वनिमुद्रित केली, म्हणजे काचेच्या अलीकडे बसून मशीन चालवलं, त्यामुळे वर्तमानपत्रवाल्यांना एकदम माझी आठवण झाली. एकाला मी त्यांच्या गरम पाण्याच्या थर्मासची गोष्ट सांगितली. एकाला सांगितलं की माइकसमोर उभं राहताना त्या चपला काढून ठेवायच्या. तिसऱ्याने त्यांच्या त्या सगळ्यात गाजलेल्या अंगाईबद्दल विचारलं. "तिसरी ओळ एका दमात म्हटलीय मॅडमनी. हे कसं सुचलं असेल हो त्यांना?"

मी म्हटलं, "मोठी माणसं. सुचतं त्यांना."

मूग गिळून गप्प बसायची सवय मला जुनीच आहे. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला, पण तो राग तरी आता कुणाला घाबरवतोय? ऐंशीच्या घरातल्या म्हाताऱ्याचा राग तो. म्हणून जे फोनवर सांगितलं नाही ते इथे लिहून काढतोय.

मॅडमना वेळ नसायचा. महिन्यातले वीस दिवस कार्यक्रमांसाठी बाहेरगावी, उरलेल्या दहा दिवसांत आठ-आठ गाणी. नोटेशन त्यांना वाचता यायचं नाही. कान मात्र असा की एकदा ऐकलं की शिक्का बसला. म्हणून गाणं आधी दुसऱ्या कुणीतरी गाऊन ठेवायचं, मॅडमनी येऊन हेडफोनवर ते दोनदा ऐकायचं आणि मग स्वतः गायचं, अशी आमच्याकडे रीत होती. आधीच्या त्या गाण्याला आम्ही डमी म्हणायचो. आणि ती गाणारी होती पाटी.

पाटी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आमचे संगीतकार, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणायचो, पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "आधी पाटीवर लिहू. बरोबर आलं की वहीत उतरवू." वही म्हणजे मॅडम. सगळे हसले, तीही हसली. बावीस वर्षांची होती, कशालाही हसायचं वय. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे पुढे हजेरीच्या कागदावरही पाटीच लिहायचे.

तिचा आवाज मॅडमच्या आवाजासारखा होता. म्हणूनच तिला काम मिळालं आणि म्हणूनच तिला दुसरं काही मिळालं नाही. सहा-सात वर्षं झाल्यावर तिने धीर करून मास्तरांना विचारलं, माझं एखादं गाणं? मास्तर माणूस वाईट नव्हते. प्रेमाने तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, एका गल्लीत एकाच मालाची दोन दुकानं कशाला?" ती बरं म्हणाली, आपली स्टीलची बाटली उचलून बूथमध्ये गेली आणि त्या दिवशीचं डमी गायली. चांगलं गायली. मी मशीनवरच्या आवाज मोजणाऱ्या सुया पाहत होतो, एकदाही हलल्या नाहीत वेड्यावाकड्या.

आता मशीनबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे तळहाताच्या निम्म्याने रुंद टेप होती आणि तिच्यावर सोळा ट्रॅक. सोळा जणांना सोळा रांगा दिल्यासारखं. एकीवर तबला, एकीवर बासरी, एकीवर गाणारी. सात नंबर डमीचा. मॅडमचं गाणं मनासारखं झालं की सात नंबर पुसायचा आणि त्या जागी व्हायोलिनचा दुसरा थर भरायचा, कारण मास्तरांना व्हायोलिनं कितीही दिली तरी कमीच पडायची. पुसायचा म्हणजे वेगळं काही करावं लागत नाही. त्या ट्रॅकचं लाल बटण दाबायचं. नवा आवाज आत येतो तसतसा जुना जातो.

मॅडमचा टेक मात्र नापास झाला तरी पुसायचा नाही. आठ नंबरवर पास झालेला, नऊवर नापास झालेला, दोन्ही जपून ठेवायचे. मॅडम कधी म्हणतील "आधीचं लावा बघू" याचा नेम नसायचा. डमीची कॅसेट काढून कुणाच्या घरी द्यायलाही बंदी. मॅडमच्या घरीसुद्धा नाही. एकदा एक चाल बाहेर फुटून दुसऱ्याच सिनेमात वाजली होती, तेव्हापासून मास्तरांनी हे जे धरलं ते सोडलं नाही. त्यामुळे पाटी सव्वीस वर्षांत किती गाणी गायली असेल, दोन हजार, अडीच हजार, देव जाणे, त्यातलं एकही कुठे उरलं नाही. ते पुसण्याचं काम माझं होतं आणि मी त्यात पटाईत होतो. दुसऱ्या स्टुडिओंतल्या गाण्यांत कान देऊन ऐकलं तर डमीचा पुसट आवाज मागे राहिलेला सापडायचा. माझ्या एकाही गाण्यात सापडणार नाही. चार लोकांत मी हे छाती फुगवून सांगायचो.

मॅडमच्या श्वासाचं लोकांना फार कौतुक. कुठे थांबतात, कुठे थांबत नाहीत, यावर लेख लिहिलेत विद्वानांनी. ते श्वास पाटीने ठरवलेले असायचे. गाण्याचा कागद ती आदल्या दिवशी घरी न्यायची आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे दोन शब्दांच्या मध्ये पेन्सिलीने बारीक टिंब द्यायची. टिंब नाही तिथे श्वास नाही. मॅडम ते जसंच्या तसं उचलायच्या. त्यांनी चोरलं असं मी म्हणणार नाही, ती रीतच होती. पण इतक्या वर्षांत एखाद्या मुलाखतीत एखादा शब्द टाकायला काय हरकत होती, असं मला वाटतं. वाटून काय उपयोग म्हणा. मी तरी कुठे टाकला?

घर तिचं दोन खोल्यांचं, टायरच्या दुकानाच्या वर. नवरा छापखान्यात होता, स्वभावाने गरीब माणूस. एक मुलगी. सकाळी गायचं असलं की पाटी आदल्या संध्याकाळपासून तोंड उघडायची नाही, घरात खुणांनी बोलायची. चमचा हवा असला तर हवेत ढवळून दाखवायची. आणि चाल फुटेल म्हणून घरात गाणं गुणगुणायचंही नाही, ही मास्तरांची ताकीद तिने धर्म असल्यासारखी पाळली. मुलीला झोपवताना अंगाई नवरा म्हणायचा, आणि तोही असा बेसूर की खालचा टायरवाला विचारायचा, पोरगी रडतेय का वहिनी? हे पाटी आम्हाला हसून सांगायची. मुलगी मोठी झाल्यावर मात्र एकदा तिला म्हणाली होती, "तू सगळ्या जगासाठी गातेस आणि मला खुणा करतेस." हे पाटीने हसून नाही सांगितलं.

नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. पाटी तशीच रोज साडेनऊला यायची. मग एका वर्षी तिच्या आवाजाला खरखर यायला लागली. आधी थंडी म्हणाली, मग धूळ म्हणाली, मग डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की गळ्यात गाठ आहे, ती चांगली नाही, जीव वाचवायचा तर स्वरयंत्रच काढावं लागेल. मंगळवारची तारीख दिली.

शुक्रवारी काम संपल्यावर सगळे गेले तरी ती थांबली. मी टेपच्या पेट्या मागच्या फळीवर लावत होतो.

"दादा, एक मागू का?"

"माग की."

"मला एक गाणं ठेवून द्या. न पुसता."

ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"मुलीला सातवा महिना लागलाय. तिला मी कधी अंगाई म्हटली नाही. बाळ आलं की मी त्याला म्हणणार होते, मनाशी ठरवून ठेवलं होतं. आता ते काही होत नाही. निदान कॅसेट तरी ऐकू दे त्याला."

मी म्हटलं, "घरच्या टेपरेकॉर्डरवर नाही का करता येणार?" हा प्रश्न मी विचारला याची मला आजही लाज वाटते.

"खाली दिवसभर ठोकाठोक चालते. आणि दादा, सव्वीस वर्षं या माइकवर गायले ते दुसऱ्या कुणाला तरी शिकवायला. एकदा नुसतं गाण्यासाठी गाऊ दे ना."

योग असा की मॅडमचं सोमवारचं गाणं अंगाईच होतं. तीच ती, पुढे गाजलेली. वाद्यं सगळी भरून झाली होती, फक्त गाणं बाकी होतं, आणि डमीही बाकी होतं. मी तिला म्हटलं, रविवारी दुपारी ये. स्टुडिओ बंद असतो, चावी माझ्याकडे आहे. डमी म्हणून गायचं नाही, पक्कं समजून गा. मास्तरांना विचारलं नाही. सव्वीस वर्षांत त्यांना न विचारता मी केलेली ही पहिली गोष्ट.

रविवारी ती केस नीट विंचरून, कानात मोती घालून आली. मॅडमसारख्या चपला दाराशी काढल्या, मग माझ्याकडे पाहून ओशाळली आणि पुन्हा घातल्या. पहिला टेक तिला आवडला नाही. दुसऱ्याला म्हणाली, "दिवा कमी करा ना जरा." मी केला.

त्या गाण्याचं मी काय वर्णन करू? आवाजात खरखर होती, पण ती खरखर त्या अंगाईला शोभत होती. दिवसभर राबून आलेली आई बोलावी तशी. तिसऱ्या ओळीत मास्तरांनी एक लांब सूर ठेवलाय, तिथे कुणीही मध्ये श्वास घेईल. तिने घेतला नाही. सूर हळूहळू बारीक होत गेला आणि पुढच्या शब्दात नकळत जाऊन मिसळला. झोपत आलेल्या मुलाच्या अंगावरचा हात आई उचलते ना, तसा. मी सुया पाहायच्या विसरलो. असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "झालं का हो बरं?"

"झालं," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. खरं तर उठून तिला हात जोडायला हवे होते.

"मग कॅसेट द्या ना आत्ताच. कशीही द्या."

"कशीही नाही," मी म्हटलं. "बासरी जरा खाली घेतो, आवाजाला थोडा घुमारा देतो, नीट करून देतो. उद्या संध्याकाळपर्यंत."

ती मग म्हणाली, "बरं. नीटच करा." मी पेटीवर पेन्सिलीने लिहिलं, "७ – पाटी. ठेवणे." आणि पेटी मागच्या फळीवर ठेवली. मागच्या फळीवर. काम करताना माझी पाठ असते त्या फळीकडे.

सोमवारी सकाळी पाटी इस्पितळात दाखल झाली. डमी शुक्रवारीच भरून घेतलं असं मी मास्तरांना सांगितलं, आणि दहाला मॅडम आल्या. थर्मास ठेवला, चपला काढल्या, हेडफोन घातले. नेहमी दोनदा ऐकायच्या, त्या दिवशी पाच वेळा ऐकलं. मग काचेतून मला म्हणाल्या, "पाटी आज काय गायलीय. तिसऱ्या ओळीत श्वासच घेत नाही का ती?"

"नाही घेत."

"कसं जमतं हिला?" त्या म्हणाल्या, आणि पहिल्या टेकला नेमक्या तिथेच त्यांचा श्वास तुटला. तो नापास टेक नऊ नंबरवर ठेवला. दुसऱ्या टेकला ओळ एका दमात गेली, आठ नंबरवर बसली, मास्तरांनी टाळी वाजवली. मॅडम निघून गेल्या.

बारा व्हायोलिनवाले तासभर बाहेर बसून कंटाळले होते. ते आत आले, सूर लावून झाला. मास्तर म्हणाले, "सातवर घ्या." मी सातवर घेतलं. लाल बटण दाबलं. हजारो वेळा दाबलंय ते बोटाने, डोक्याला विचारायला बोट थांबलंच नाही.

पहिलं कडवं संपत आलं तेव्हा मला आठवलं.

घड्याळात एक मिनिट दहा सेकंद झाले होते. गाणं चार मिनिटांचं. तिसरी ओळ गेली होती, पण पुढची दोन कडवी अजून टेपवर होती. बटण माझ्या हातापासून वीतभर लांब. थांबवलं असतं तर दोन कडवी वाचली असती. अर्ध्यापेक्षा जास्त गाणं वाचलं असतं. एका बाळाला झोपायला तेवढं पुरे असतं.

मी थांबवलं नाही. काचेपलीकडे व्हायोलिनचे बारा गज एकसारखे चालले होते, मास्तर डोळे मिटून हात हलवत होते, टेक फार सुंदर चालला होता. चालू टेक मी आयुष्यात कधी थांबवला नव्हता. थांबवला असता तर मास्तरांनी का म्हणून विचारलं असतं आणि मला सांगावं लागलं असतं, की रविवारी स्टुडिओ उघडून त्यांची चाल मी तिच्यासाठी भरून घेतली. एवढीच भीती. चाकरीतल्या माणसाची, हातावर पट्टी बसेल म्हणून घाबरणाऱ्या पोराएवढी भीती. दोन मिनिटं पन्नास सेकंद मी हात मांडीखाली घालून बसलो आणि ती पुसली जाताना ऐकत राहिलो. ऐकत म्हणजे काय, ऐकू येत होती ती व्हायोलिनं.

"वा," मास्तर म्हणाले. "एकदम स्वच्छ."

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी इस्पितळात गेलो. पिशवीत हातात मावेल असा छोटा रेकॉर्डर घेऊन गेलो होतो. ठरवलं होतं, सांगून टाकायचं आणि पलंगावरच जमेल तसं गाऊन घ्यायचं. आठ पलंगांची खोली, तिचा खिडकीजवळचा. मला पाहून उठून बसली.

"काय हो दादा, इतक्या लांब कशाला आलात?"

मी म्हटलं, "सहज." रेकॉर्डर पिशवीत होता, पिशवी माझ्या मांडीवर. शेजारच्या पलंगावरची बाई संत्रं सोलत होती. मी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, नर्स चांगली आहे का विचारलं, डॉक्टर किती वाजता येतात विचारलं. घंटा वाजली तसा उठलो.

ती म्हणाली, "कॅसेटची घाई करू नका हं. नीट करा."

ती माझ्याशी बोलली ते हे शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा आवाज काढून टाकला.

तीन आठवड्यांनी निरोप आला, मुलगी बाळंतपणासाठी म्हणून आणि आईची सेवा म्हणून आली आहे, कॅसेट घेऊन या. या तीन आठवड्यांत मी काय काय विचार केले ते सांगण्यात अर्थ नाही, शेवटी केलं ते एवढंच. मॅडमचा नऊ नंबरवरचा नापास टेक घेतला, बासरी खाली केली, घुमारा दिला आणि कॅसेट काढली. आठ नंबरचा पास टेक सिनेमात येणार होता, तो दिला असता तर मुलीला कधी ना कधी कळलं असतं. नापास टेक जगात कुणी ऐकणार नव्हतं. त्या टेकमध्ये मॅडम पाच वेळा ऐकलेल्या पाटीची हुबेहूब नक्कल करत होत्या. आवाज सारखा, वळणं सारखी. फक्त तिसऱ्या ओळीत श्वास तुटलेला. मला वाटलं, एवढं कोण धरून बसतंय. मला असं वाटलं, मला, ज्याने सव्वीस वर्षं तिचे श्वास मोजले.

दोन खोल्या तशाच होत्या. खाली हवा भरायचं यंत्र फुसफुसत होतं. पाटीच्या गळ्याला पांढरी पट्टी होती आणि मांडीवर वही. बोलायचं असलं की ती वहीत लिहायची. इस्पितळात कुणीतरी लहान मुलांची पाटी देऊ केली होती म्हणे, तिने घेतली नाही, वहीच मागितली. मुलीने खिडकी लावून घेतली, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला आणि स्वतः आईच्या पायाशी जमिनीवर बसली, आठव्या महिन्याचं पोट सांभाळत.

गाणं सुरू झालं. पहिल्या शब्दालाच मुलीने तोंडावर हात धरला. "आई," ती म्हणाली, "तू तर अगदी मॅडमसारखी गायचीस गं."

पाटी कॅसेटकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. पहिल्या दोन ओळींना तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तिसऱ्या ओळीला श्वास तुटला आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही पाहिलं. राग असता तर मी सुटलो असतो. हिशेब चुकल्यावर माणूस कागद पुन्हा तपासतो तसं पाहिलं, आणि मग तिला कळलं. माझा चेहरा काचेसारखाच असणार तेव्हा, सगळं आरपार.

तिने वहीत लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवली.

"मी तिथे श्वास घेत नाही."

मी फक्त मान खाली घातली. गाणं संपलं. मुलगी डोळे पुसत वळली.

"काय लिहिलंस गं आई? बघू."

पाटीने वही ओढून घेतली. ते पान उलटलं. थोडा वेळ पेन्सिल कागदावर टेकवून बसली. मग नव्या पानावर लिहिलं आणि मुलीला दाखवलं. मलाही दिसलं.

"तिसऱ्या ओळीत श्वास तुटलाय. त्या दिवशी दम पुरला नाही मला."

"असू दे गं," मुलगी म्हणाली. "कोणाला कळतंय? किती छान झालंय." आणि तिने कॅसेट उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावली. पाटीने डोळे मिटले. मी चहा न घेताच उठलो.

पुढचं काय सांगायचं? तिच्या जागी नवी मुलगी आली, मास्तर तिलाही पाटीच म्हणायला लागले, सात नंबरवर तीही गायली आणि मी तिलाही पुसलं. मॅडमच्या गाण्यात कुणाला काडीचा फरक कळला नाही. मॅडमनी एकदा विचारलं, "ती जुनी पाटी दिसत नाही हल्ली?" मी सांगितलं. त्यांनी गरम पाण्याचा घोट घेतला, बराच वेळ झाकण हातात धरून बसल्या, मग म्हणाल्या, "चला, घेऊ या." अंगाई प्रचंड गाजली. पुढे अकरा वर्षं त्या गायल्या, प्रत्येक कार्यक्रमात लोक ती मागायचे आणि तिसऱ्या ओळीला टाळ्या पडायच्या. पाटी त्यातली सहा वर्षं होती. तिच्याकडे मी पुन्हा गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार होतो? ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी यायलाही काही कारण नव्हतं.

मॅडम गेल्या त्या आठवड्यातले सगळे फोन वर्तमानपत्रांचे नव्हते. एक पंधरा वर्षांच्या मुलीचा होता. "आजोबा, माझ्या आजीचं गाणं तुम्ही भरलं होतं ना? आई म्हणाली. मी येऊ का भेटायला?"

ती पाटीची नात. शनिवारी दुपारी आली. कपाळ आजीचं, हनुवटी आजीची. शाळेत मॅडमना श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता, त्यात ती अंगाई म्हणणार होती आणि आधी मला ऐकवायची होती.

"मी हिच्यावरच झोपायची, माहितीये?" ती म्हणाली. "कॅसेट घासून गेली म्हणून आईने दोनदा नवी काढून आणली."

माझ्या खोलीत पलंग, टेबल आणि एक खुर्ची आहे. ती पलंगाच्या काठावर बसून गायली. गळा चांगला आहे. तिसऱ्या ओळीला तो लांब सूर आला, तो सहज पेलत होती, पुढे नेऊ शकली असती. नेमका अर्ध्यावर तिने श्वास घेतला. मुद्दाम.

"तिथे का थांबलीस?" मी विचारलं.

"आजी थांबायची म्हणून," ती म्हणाली. "मॅडमना ती ओळ एका दमात जमायची. आजीला नाही जमायची. सर म्हणाले मॅडमसारखं म्हण, पण मी आजीसारखंच म्हणणार आहे."

टेबलाच्या खणात त्या रविवारचा कागद आहे. पाटी स्टँडवर विसरून गेली होती, तो मी उचलून ठेवला. बारा ओळी, मध्ये मध्ये पेन्सिलीची टिंबं. तिसऱ्या ओळीत टिंब नाही.

मी खणाच्या मुठीला हात लावला. कागद दाखवला असता तर ती विचारणार, मग कॅसेटमध्ये कोण गातंय? ती माझ्याकडे पाहत होती, मी काय म्हणतो त्याची वाट पाहत.

"छान म्हणतेस," मी म्हटलं. "अगदी आजीसारखं."